भाषांतराने राखलेले धन

मूळ ग्रंथ नष्ट झाला तरी त्याचे चांगले भाषांतर त्याचे जीवन पुढे चालवू शकते. तिबेटी वाङ्मयाच्या इतिहासातून ही गोष्ट फार स्पष्टपणे शिकावयास मिळते.

आठव्या शतकात ठिसोंग देचेन या राजाच्या आश्रयाने साम्ये येथे विहार उभारला गेला. आचार्य शांतरक्षित भारतातून तेथे गेले व संस्कृत ग्रंथांच्या भाषांतरास पद्धतशीर प्रारंभ झाला. एक भारतीय पंडित व एक तिबेटी भाषांतरकार, म्हणजे 'लोचावा', असे जोडीने बसत. एकाच संज्ञेस प्रत्येकाने निराळा शब्द योजू नये म्हणून नवव्या शतकाच्या आरंभी 'महाव्युत्पत्ति' हा सुमारे साडेनऊ हजार नोंदींचा कोश सिद्ध झाला. पुढे बुद्धवचनांचा 'कांग्युर' व भारतीय आचार्यांच्या ग्रंथांचा 'तेंग्युर' असे दोन विशाल संग्रह तयार झाले. वाग्भटाचे 'अष्टांगहृदय' आणि कालिदासाचे 'मेघदूत' यांनाही तेंग्युरात स्थान मिळाले.

इ. स. १२०० च्या सुमारास नालंदा, विक्रमशिला ही विद्यापीठे उद्ध्वस्त झाली. अनेक संस्कृत ग्रंथ लोपले. त्यांची तिबेटी भाषांतरे मात्र राहिली. कित्येक मूळ ताडपत्रेही तिबेटच्या मठांनी जपली. विद्याकर या बौद्ध पंडिताचा 'सुभाषितरत्नकोश' असाच ङोर मठात सुरक्षित होता. तेथील पोथीच्या छायाचित्रांचा उपयोग करून गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी व पुण्याचे वासुदेव गोखले यांनी तो संपादिला. १९५७ साली हार्वर्डने तो प्रसिद्ध केला.

परंतु राखणाऱ्यावरच पुढे संकट आले. १९५९ साली दलाई लामांसह हजारो तिबेटी भारतात आले. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात मठ व ग्रंथसंग्रह यांचा मोठा संहार झाला. निर्वासितांनी आणलेल्या पोथ्यांचे मोल त्यामुळे शतगुणित झाले. सारनाथ येथे १९६७ साली उच्च शिक्षणाची संस्था व धर्मशाळेस १९७० साली ग्रंथालय स्थापन झाले. अमेरिकन विद्वान जीन स्मिथ यांनी १९६८ पासून दिल्लीत राहून दुर्मीळ ग्रंथांच्या पुनर्मुद्रणास साहाय्य केले. १९९९ साली त्यांनी स्थापिलेल्या केंद्राने पुढे लक्षावधी पृष्ठे संगणकात साठविली.

हे काम वाटते तितके यांत्रिक नाही. पोथीच्या प्रत्येक सुट्या पानाच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा घ्यावी लागते. ग्रंथ, कर्ता, मठ यांची अचूक नोंद नसेल, तर ती प्रतिमा असून नसल्यासारखीच. शिवाय प्रतिमा म्हणजे केवळ चित्र. त्यात शब्द शोधता यावा म्हणून मजकूर अक्षरशः उतरवून, मुळाशी ताडून शुद्ध करावा लागतो. भाषांतराची पायरी त्यानंतर येते. २०१० साली सुरू झालेल्या '८४०००' या उपक्रमाने कांग्युरासाठी २५ व तेंग्युरासाठी १०० वर्षांची मुदत डोळ्यांपुढे ठेवली, यावरून कार्याचा व्याप ध्यानी यावा.

सारनाथच्या विद्वानांनी तर तिबेटीवरून लुप्त ग्रंथ पुन्हा संस्कृतात आणण्याचे कार्य हाती घेतले. बाराशे वर्षांपूर्वी दिलेले ऋण असे परत येत आहे. यंत्र पोथीची प्रत राखील. तिचा अर्थ राखण्यास दोन्ही भाषा जाणणारी माणसेच हवीत. तेव्हा पोथ्यांइतकीच नव्या लोचाव्यांची जोपासना झाली पाहिजे.