श्टुटगार्टला येताय? आधी एकवीस महिन्यांचा हिशेब मांडा

पुणे-नाशिकच्या वाहन उद्योगातून किंवा आयटीतून श्टुटगार्ट परिसरात येणारी मराठी मंडळी आम्हाला फिरून फिरून तेच विचारतात: नोकरीत पुढे कसं जायचं, स्वतःचं काही सुरू करता येईल का, आणि कधी? बोब्लिंगन, झिंडेलफिंगन, लुडविग्सबुर्ग भागात स्थिरावलेल्या आमच्या काही कुटुंबांनी मिळून ही उत्तरं लिहून काढली आहेत. बऱ्याच मुद्द्यांवर आमच्यात वाद झाले. पण एका गोष्टीवर सगळे ठाम होते: ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, आलेल्या माणसाने पहिली दोन वर्षं कायम वास्तव्याचा परवाना मिळवण्यासाठी राखून ठेवावीत. नोकरी निर्धास्तपणे बदलणं, धंदा काढणं, घरासाठी कर्ज घेणं, सगळं त्यानंतर सोपं होतं.

ब्लू कार्डवर हा परवाना २७ महिन्यांच्या नोकरीनंतर मिळू शकतो. जर्मन भाषेची बी-वन पातळी गाठली असेल तर २१ महिन्यांत. या काळात पेन्शनचा हप्ता नियमित भरलेला असावा लागतो, आणि जर्मनीतल्या कायद्यांची व समाजजीवनाची जुजबी माहिती असल्याचं ३३ प्रश्नांच्या चाचणीतून दाखवता येतं. सहा महिन्यांचा फरक कागदावर लहान दिसतो. पण हे सहा महिने वाचवायला जी भाषा शिकाल, तीच पुढे ऑफिसात कामी येते. मीटिंग इंग्रजीत होते हे खरं, पण जेवणाच्या टेबलावर, पुरवठादाराशी फोनवर, कामगारांच्या प्रतिनिधींबरोबरच्या बैठकीत जर्मनच चालते, आणि टीम कोणाच्या हाती द्यायची हे ठरवताना जर्मन येतं का हे पाहिलं जातं. ए-वन, ए-टू पुण्यातच मॅक्स म्युलर भवनात करून या. पुढचं इथल्या फोक्सहोखशूलमध्ये, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्रात, संध्याकाळच्या वर्गात परवडतं. मूल झाल्यावर, घर घेतल्यावर शिकू म्हणणारे मागेच राहिले, हे आम्ही जवळून पाहिलंय.

पहिल्या आठवड्यांतली कामं थोडक्यात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाचा सहीचा फॉर्म लागतो. कर क्रमांक पोस्टाने येतो, म्हणून पत्रपेटीवर नाव लावा. पत्नीने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर दोन्ही आडनावं लावा, नाहीतर तिची पत्रं परत जातात आणि त्यात बँकेचं कार्डही असू शकतं.

नोकरीचे पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेत्साइट, म्हणजे परिवीक्षा. या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या सूचनेवर करार मोडता येतो. तेव्हा गाडीचं कर्ज, महागडं स्वयंपाकघर वगैरे थांबू द्या. आपल्याला साहेबांपुढे ‘होऊन जाईल’ म्हणायची सवय असते. इथे तो शब्द धरून पुढचं वेळापत्रक आखलं जातं. शुक्रवारी काम होणार नसेल तर मंगळवारीच सांगा. त्याने कोणी रागावत नाही, उलट विश्वास वाढतो. चूक तोंडावर दाखवली जाते, ती कामावरची टीका असते. तिसऱ्या महिन्यात स्वतःहून वेळ मागून ‘कुठे कमी पडतोय’ हे विचारा. आणि ब्लू कार्डवर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाला आधी कळवा.

मंदीबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. श्टुटगार्टचं पोट वाहन उद्योगावर आहे आणि गेल्या काही वर्षांत तिथे मोठी कपात जाहीर झाली आहे. कंपनीने ‘आपसात संमतीने वेगळे होऊ’ असा करार पुढे केला तर त्याच बैठकीत सही करू नका. अशा सहीमुळे बेकारभत्ता १२ आठवडे अडू शकतो. नोकरीतून काढल्याचं पत्र हाती पडल्यापासून कोर्टात जायला तीन आठवडेच असतात. रोजगार कार्यालयात लगेच नाव नोंदवा आणि दोन आठवड्यांच्या आत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवा. ज्यांनी वेळेत इ-गे मेटाल या कामगार संघटनेचं सभासदत्व घेतलं होतं, त्यांना वकिलाची मदत तिथून मिळाली. वर्गणी पगाराच्या एक टक्का. आपल्याकडचे इंजिनिअर युनियनपासून लांब राहतात. इथे तसं करू नका.

आता धंद्याचं. ब्लू कार्ड नोकरीसाठी असतं, त्यावर स्वतःचा व्यवसाय करायचा तर वेगळी परवानगी लागते. जोडीदाराचं तसं नाही. कुटुंब म्हणून आलेल्या पत्नीला किंवा पतीला मिळणाऱ्या परवान्यात नोकरी आणि व्यवसाय दोन्हींची मोकळीक असते. आमच्यातल्या दोघींनी याच जोरावर सुरुवात केली, नवऱ्यांच्या कितीतरी आधी. पुण्यात शिक्षिका असलेली, सीए असलेली मुलगी इथे येऊन घरात बसून राहते, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. तिच्या नावावर काय करता येईल याचा विचार पहिल्या वर्षापासून करा.

शिकवणं, भाषांतर, अभियांत्रिकी सल्ला अशी कामं बहुधा फ्रायबेरुफ्लर, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक, या वर्गात बसतात. त्यांची नोंद फक्त कर खात्याकडे, म्हणजे फिनान्झआम्टकडे होते. खाद्यपदार्थ, दुकान, व्यापार यांना आधी पालिकेत गेवर्बे, म्हणजे व्यापारी व्यवसाय, नोंदवावा लागतो. वर्षाची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल तर छोट्या व्यावसायिकाची सवलत घेऊन बिलावर विक्रीकर न लावता काम करता येतं. एक मेख: नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यात बायकोला मोफत संरक्षण असतं, ते तिची कमाई वाढली की जातं. पहिलं बिल फाडण्याआधी विमा कंपनीला विचारून घ्या.

दिवाळीच्या फराळाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ओळखीपाळखीत चिवडा-चकलीच्या ऑर्डरी नियमित घेतल्या की तो व्यवसाय झाला. त्यासाठी अन्न तपासणी कार्यालयात नोंद, आरोग्य खात्याचं स्वच्छतेचं प्रशिक्षण आणि घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी. पाकिटावरची माहिती जर्मनमध्ये लागते आणि युरोपीय यादीतले १४ अ‍ॅलर्जीकारक घटक ठळक छापावे लागतात. पातळ पोह्यांच्या साध्या चिवड्यात शेंगदाणे, तीळ आणि फोडणीतली मोहरी हे तीन त्या यादीतले निघतात. चौथा सहसा लक्षात येत नाही: आपल्या डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. ‘पोह्यांचा आहे, गहू नाही’ असं सांगून विकलेलं पाकीट ग्लूटेन न चालणाऱ्या गिऱ्हाइकाला खरोखर आजारी पाडू शकतं. डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो तो वापरा. बेकरी आणि मिठाईच्या काही कामांना जर्मनीत माइस्टरची पदवी लागते, म्हणून दुकान काढण्याआधी कारागीर मंडळाकडून, हांडव्हेर्क्सकामरकडून लेखी उत्तर घ्या.

मोठी झेप घ्यायची, कंपनी काढायची, तर ती कायम परवाना हाती आल्यावर. गेएमबेहा, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या, कंपनीला २५,००० युरो भांडवल लागतं, त्यातले निम्मे नोंदणीच्या वेळी खात्यात दाखवावे लागतात. त्याआधी सहा महिन्यांच्या घरखर्चाची सोय वेगळ्या खात्यात करून ठेवा. कर सल्लागार मराठी बोलणारा नसला तरी चालेल, पण तुमच्याच क्षेत्रातली गिऱ्हाइकं सांभाळलेला बघा. कंपनी स्थापनेचा करारनामा नोटरी मोठ्याने, शब्दन् शब्द वाचून दाखवतो. तुम्हाला तो समजत नसेल तर तोंडी भाषांतराची सोय करावीच लागते. दुभाष्याचे पैसे कोण देणार, हे तारीख ठरवतानाच विचारून घ्या.