हवा हळूहळू जाते कुठे?

सायकलीचे चाक खिळ्यावरून गेले, फस्स असा आवाज झाला आणि चाक बसले, तर त्यात कोडे काही नाही. ट्यूब काढावी, ठिगळ लावावे, पुढे निघावे. खरा त्रास देते ती दुसऱ्या प्रकारची गळती. संध्याकाळी भरलेली हवा सकाळी शाळेला निघेपर्यंत निम्मी झालेली असते, किंवा दर आठ-दहा दिवसांनी चाक मऊ लागू लागते. दुकानदार ट्यूब घमेल्यातल्या पाण्यातून फिरवतो, 'पंक्चर नाही' म्हणतो आणि हवा भरून देतो. आठवड्याने तुम्ही पुन्हा त्याच्या दारात!

दुकानदार खोटे बोलत नसतो. त्याला गळती दिसत नाही, याचे कारण थोड्या हिशेबाने कळते. सायकलीच्या ट्यूबमध्ये साधारण २ लिटर जागा असते. आपण ज्याला 'पौंड' म्हणतो तो दाब दर चौरस इंचावर मोजलेला असतो आणि वातावरणाचा दाब १४.७ पौंड आहे. समजा, ४० पौंडांवरून दाब २० वर आला. म्हणजे सुमारे १.३६ वातावरण दाब कमी झाला आणि २ लिटरच्या ट्यूबमधून जवळजवळ २,७०० घन सेंटिमीटर हवा बाहेर पडली. हे १२ तासांत घडले असेल तर सेकंदाला ०.०६ घन सेंटिमीटर झाले. चार मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्याचे घनफळ सुमारे ०.०३३ घन सेंटिमीटर असते. म्हणजे सेकंदाला दोन बुडबुडे. एवढे कोणालाही दिसतील.

पण हीच हवा जायला १० दिवस लागत असतील, तर? वेळ वीसपट झाला. आता एका बुडबुड्यानंतर दुसरा येण्यास दहा-अकरा सेकंद लागतील. घमेल्यात ट्यूबचा प्रत्येक भाग दोन-तीन सेकंदच पाण्याखाली असतो. शिवाय टायरमधून काढलेल्या ट्यूबला ४० पौंड दाब सोसत नाही, ती थोड्याच दाबाने फुगून मोठी होते. ताणामुळे छिद्र जरा उघडते हे खरे, पण हवेला बाहेर ढकलणारा जोर फार कमी असतो. तेव्हा अशी गळती शोधताना ट्यूबचा एकेक भाग पाण्याखाली धरून मिनिटभर स्वस्थ बसावे लागते. गिऱ्हाइकांची रांग लागलेल्या दुकानदाराला ते जमणार कसे? तुम्हाला सुट्टीच्या दिवशी जमेल.

त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. ही गळतीच आहे ना? हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. हिवाळ्यात दुपारी ३० अंश सेल्सिअसला मोटारीच्या चाकात ३२ पौंड दाब भरला आणि पहाटे तापमान १० अंशांवर आले असे समजू. हिशेब वातावरणाचा दाब मिळवून आणि केल्विन मापनातच करायचा, हे विसरू नका. ३२ अधिक १४.७ म्हणजे ४६.७, त्याला २८३ ने गुणून ३०३ ने भागले की ४३.६ येतात, त्यातून १४.७ वजा केले की उरतात जेमतेम २९. एक कणही हवा बाहेर न जाता तीन पौंड 'गेले'! म्हणून दाब नेहमी सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी आणि ठरलेल्या वेळीच मोजावा.

आणखी एक वाट आहे, ती थेट रबरातून. रबर आपल्याला सलग दिसते, तरी हवेचे रेणू त्यात विरघळून पलीकडे निघतात. थॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये दाखवले, की पातळ रबरातून पार झालेल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. साध्या हवेत ते २१ टक्के असते. म्हणजे नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन रबरातून लवकर सुटतो. ब्यूटाइल रबरातून हवा नैसर्गिक रबराच्या मानाने दहाव्या हिश्शाने किंवा त्याहूनही कमी जाते, म्हणून चांगल्या ट्यूब आणि ट्यूबलेस टायरचे आतले अस्तर त्या जातीच्या रबराचे करतात. मोटारीच्या चाकात महिन्याला एखाद-दोन पौंड असे गेले तर काळजी नसावी. आठवड्याला चार गेले तर मात्र शोध घ्यावा.

शोधाला आरंभ व्हॉल्व्हपासून करावा, कारण ट्यूब न काढता ते तपासता येते. सायकलीचे चाक फिरवून व्हॉल्व्ह सर्वांत वर आणा. आता त्याचे तोंड खाली झाले. खालून पाण्याची वाटी अशी धरा की व्हॉल्व्ह बुडेल, आणि दोन मिनिटे पाहा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक छिद्रावर रबरी नळी चढवलेली असते. पंपाचा दाब ती उचलतो, ट्यूबमधला दाब तिला पुन्हा छिद्रावर दाबून बसवतो. उन्हाने आणि वयाने ही नळी चिरते. कितीतरी 'न सापडणारी पंक्चरे' या बोटभरही नसलेल्या नळीत लपलेली असतात! स्कूटर-मोटारीच्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगची पिन असते. तिच्या बैठकीत धुळीचा कण अडकला तरी पुरे. मेकॅनिक तोंडावर थुंकी लावून पाहतो, त्यामागचे शास्त्र हेच. साबणाचे पाणी अधिक बरे.

व्हॉल्व्ह निर्दोष ठरला आणि पंक्चर मात्र पुनःपुन्हा होत असेल, तर छिद्राची जागा काय सांगते ते ऐका. ट्यूब काढण्यापूर्वी टायरवर व्हॉल्व्हसमोर खडूची खूण करा. प्रत्येक वेळी छिद्र बाहेरच्या अंगाला आणि खुणेपासून तेवढ्याच अंतरावर सापडले, तर टायरमध्ये बाभळीच्या काट्याचे टोक मोडून राहिले आहे. बाहेरून ते दिसत नाही; आतून कापडाचा बोळा फिरवला की अडकते. (बोट फिरवू नका!) छिद्र रिमच्या अंगाला असेल तर स्पोकचे टोक वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. शेजारी-शेजारी दोन छिद्रे दिसली तर काटा निर्दोष. कमी हवेत चाक खड्ड्यात आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली आहे. आणि जुन्या ठिगळाच्या कडेने बुडबुडे येत असतील, तर सोल्यूशन वाळण्याआधीच ठिगळ चिकटवलेले असते. ही घाई फार सार्वत्रिक आहे.

ट्यूबलेस टायरमध्ये एक जागा वाढते. टायरची कड रिमवर जिथे घट्ट बसते तिथे गंज चढला की हवेला वाट मिळते. अशा वेळी टायरला कितीही ठिगळे लावा, उपयोग नाही. रिमच घासून साफ करावी लागते.

ट्रकच्या मागच्या जोडचाकांत प्रकरण गंभीर होते. अमेरिकेत घरासारखी सोय असलेल्या मोठ्या मोटारहोम गाड्या असतात, त्यांपैकी अनेकांनाही अशीच जोडचाके असतात. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून त्याला लांब नळी जोडतात, आणि प्रत्येक जोड ही गळतीची नवी जागा ठरते. आतले चाक मऊ झाले तरी बाहेरचे भार उचलते, त्यामुळे पाहणाऱ्याला काही कळत नाही. कमी हवेचा टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्या वाकण्यात गेलेली ऊर्जा उष्णता बनून रबरात साठते. वेगाने तासन् तास गाडी चालली की थर सुटतात आणि टायर फुटतो. क्लीनर थांब्यावर टायरवर दांडा मारून आवाज ऐकतो, पण त्याने अगदी बसलेले चाकच ओळखू येते. पाच-सात पौंडांची तूट दाबमापकच सांगतो.

आता एक उदाहरण सोडवा. एका मोटारीच्या चारही चाकांत रविवारी सकाळी ३२ पौंड दाब होता. पुढच्या रविवारी बरीच थंडी पडली आणि त्याच वेळी दाब भरले ३०, ३०, २६ आणि ३०. किती पौंड थंडीने गेले आणि किती गळतीने? टायरमध्ये २८ लिटर जागा असेल, तर तिसऱ्या चाकातून चार मिलिमीटरचा एक बुडबुडा किती सेकंदांनी येईल? उत्तर तीन सेकंदांच्या किंचित आत आले पाहिजे.