अजगराचें घर आणि त्याची ऊब



गेल्या पावसाळ्यांत सरपटणाऱ्या प्राण्यांचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, अजगर घरीं पाळावयाचा झाला तर पेटी केवढी लागेल आणि दिवा केवढा?" त्यानें परदेशांतील कोणा गृहस्थाचा पाळीव अजगर मोबाइलवर पाहिला होता. वर्ग हंसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण या प्रश्नाचें उत्तर मीं एकदां कृतीनें दिलें होतें, आणि तें चुकलें होतें.

त्या गोष्टीस बारा वर्षें झालीं. डिसेंबरचा महिना होता. सिद्धेश्वरच्या जलाशयांत टाकलेल्या मासेमारीच्या जाळ्यांत सुमारें आठ फुटांचा अजगर गुरफटला. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या वडिलांनीं जाळें कापून त्यास सोडविलें व पोत्यांत घालून शाळेंत आणिलें. वनखात्याचीं माणसें सकाळीं यावयाचीं होतीं. रात्रीं थंडी पडेल, बिचारा गारठेल, या विचारानें मीं त्यास बियाण्याच्या लांकडी पेटींत ठेविलें, आंत शंभर वॅटचा दिवा टांगला, झांकणास चार भोकें पाडलीं, आणि सत्कृत्य केल्याच्या समाधानांत झोंपीं गेलों. सकाळीं पाहतों तों अजगरानें दिव्याभोंवतीं वेटोळें घातलें होतें, आणि त्याच्या कुशीचे खवले होरपळून पांढरे पडले होते. वनरक्षक त्यास पशुवैद्याकडे घेऊन गेले. माझा हेतु चांगला होता. ज्ञान अपुरें होतें. तें कोठें अपुरें होतें, हें आज सांगतों.

आपण जें अन्न खातों त्याचा बराच भाग शरीर ऊबदार ठेवण्यांत खर्चीं पडतो. म्हणूनच पौषांत काय किंवा वैशाखांत काय, आपल्या शरीराचें तापमान सुमारें ३७ अंश सेल्सिअसच राहतें. अजगराची रीत निराळी आहे. तो ऊब बाहेरून घेतो. तापलेल्या खडकावर पडला म्हणजे ती त्यास वहनानें मिळते. उन्हांत पसरला म्हणजे प्रारणानें मिळते. पुरेशी मिळाली कीं तो सावलींत, बिळांत किंवा पाण्यांत शिरतो. म्हणजे आपलें शरीर जें काम आंतल्या आंत करतें, तें अजगर जागा बदलून करतो. राजस्थानांत भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानांतील अजगर साळिंदरांच्या बिळांत राहतात, आणि हिंवाळ्यांत ऊन चढलें म्हणजे बिळाच्या तोंडाशीं येऊन पडतात. बीळ आणि ऊन यांमधील चार हातांचें अंतर हीच त्यांची शेगडी होय.

या नियमास एक सुंदर अपवाद आहे. अजगराची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते, तेव्हां ती स्वतः उष्णता निर्माण करते. पॅरिस येथील अशा एका मादीच्या तापमानाचें वर्णन वालांसिएन या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांतील एका ब्रह्मदेशी अजगर मादीवरील प्रयोगांनीं त्याचें कारण स्पष्ट झालें. हुडहुडी भरल्याप्रमाणें ती आपले स्नायु वारंवार आंखडते, आणि भोंवतालच्या हवेहून सुमारें ७ अंशांपर्यंत अधिक ऊबदार राहूं शकते. पण ही शक्ति मातृत्वाच्या दिवसांपुरतीच. एरवीं तिलाहि उन्हाचाच आधार असतो.

ऊब नाहीं तर पचन नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवा. गारठलेल्या अजगराच्या पोटांतील भक्ष्य पचण्याऐवजीं कुजूं लागतें व तो तें ओकून टाकतो. दीर्घकाळ थंडींत व ओलींत राहिल्यास त्याच्या फुप्फुसांस विकार जडतो.

आतां पेटीकडे वळूं. बंदिस्त अजगराच्या घराचें एक टोक सुमारें ३२ अंश व दुसरें सुमारें २५ अंश असावें, म्हणजे हवी तेव्हां ऊब व हवा तेव्हां गारवा त्यास मिळतो. हा फरक राखावयाचा तर दोन टोकांत अंतर पाहिजे. तीन फुटांच्या बंद पेटींत दिवा लाविला कीं थोड्याच वेळांत सगळे कोपरे तापतात; अजगरानें जावें कोठें? माझी चूक दिव्याच्या शक्तींत नव्हती. ती पेटीच्या लांबींत होती. जागेचा प्रश्न आणि उष्णतेचा प्रश्न हे दोन नव्हेत, एकच होत.

मग जागा किती? अजगरास अंग सरळ पसरतां आलें पाहिजे. दहा फुटांच्या अजगरास दहा फूट लांब व पांच फूट रुंद जागा धरली तर ती ५० चौरस फूट होते. म्हणजे दहा फूट लांबीरुंदीच्या खोलीचा अर्धा भाग! तींत सर्व अंग बुडेल असें पाण्याचें टांकें हवें, चढावयास भक्कम लांकूड हवें, आणि लपावयास दोन आडोसे हवेत. एक ऊबदार टोकास व एक थंड टोकास. आडोसा एकाच टोकास असला तर भ्यालेला अजगर ऊब सोडील, पण लपण सोडणार नाहीं.

उष्णता सूर्याप्रमाणें वरून यावी व रुंद जागेवर पसरावी. लहान दिवा जाड अंगाचा एकच तुकडा तापवितो; बाकीचें अंग थंड राहिल्यानें अजगर तेथून हलत नाहीं, आणि भाजतो. दिव्याभोंवतीं जाळी असावी. विद्युत्प्रवाहावर तापनियंत्रक असावा. त्याच्या जुन्या साध्या प्रकारांत पितळ व लोखंड अशा दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली कीं पितळ अधिक प्रसरण पावतें, पट्टी वांकते व प्रवाह तुटतो. दोन्ही टोकांस तापमापक हवाच. हाताचा अंदाज कामाचा नाहीं. शिवाय रात्रीं वीज गेली तर काय? आणि मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हां प्रश्न ऊब देण्याचा नसून गारवा देण्याचा होतो!

पालकांनींहि एक गोष्ट जाणून असावें. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. त्यास पकडणें, घरीं ठेवणें किंवा विकणें हा गुन्हा आहे. पाहण्याची हौस असल्यास मुलांना पुण्याजवळ कात्रज येथें न्यावें. तेथें नीलिमकुमार खैरे यांनीं १९८६ सालीं सर्पोद्यान उभारलें; तें पुढें राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग झालें. तेथें केवळ साप पाहूं नका. त्याच्या घरांत ऊन कोठें, सावली कोठें, पाणी कोठें, हेंहि पाहा. आपल्या शिवारांत अजगर आढळल्यास दूर उभे राहा, दगड मारूं नका, आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवा. त्यास विष नसतें. पण दांत असतात, हें विसरूं नये.

त्या विद्यार्थ्यास मीं उत्तर दिलें तें असें: "बाळ, पेटी एवढी हवी कीं तिच्या एका टोकास वैशाख असावा आणि दुसऱ्या टोकास श्रावण." तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "गुरुजी, तशी पेटी आमच्या घरांत मावणार नाहीं." मीं म्हटलें, "म्हणूनच सृष्टिकर्त्यानें ती पूर्णेच्या कांठीं बांधून ठेविली आहे."

विचार करण्याजोगे प्रश्न

१. लहान पेटींत एकच दिवा लावून दोन निराळीं तापमानें कां राखतां येत नाहींत?

२. अजगराच्या घरांत दोन आडोसे कां असावेत?

३. आपल्या घराच्या अंगणांत सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं उन्हांत आणि सावलींत तापमान मोजा. अजगर कोणत्या वेळीं कोठें बसेल, तें सकारण लिहा.