उपग्रह इंटरनेटची उपकरणे बदलावीत काय?



समजा, कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या डोंगराकडेला तुमचे घर आहे. फायबरची तार तेथवर आलेली नाही आणि मोबाईलचा मनोरा टेकडीआड आहे. म्हणून घरच्यांनी छतावर उपग्रह इंटरनेटची डिश बसविली. सुट्टीत तुम्ही शिष्यवृत्तीचा अर्ज भरू लागता आणि शेवटच्या पानावर चक्र फिरतच राहते. विक्रेता सांगतो, "उपकरण जुने झाले, नवे घ्या." वडील तुमच्याकडे पाहून म्हणतात, "तू शिकतोस, तूच सांग, बदलायचं का?" त्यांच्या हाती कापसाचे पैसे आहेत आणि त्याच पैशांतून पुढच्या पेरणीचे बियाणेही घ्यावयाचे आहे. अशा वेळी अंदाजाने दिलेले उत्तर महाग पडते. दोष कोठे आहे हे आधी शोधावे आणि तो उपकरणातच असेल तरच उपकरण बदलावे, हे या पाठाचे सूत्र होय.

प्रथम अंतराचा विचार करू. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ साली देशातील पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. तेथील तबकडीचा व्यास सुमारे ३० मीटर होता. उपग्रह अधिक शक्तिशाली होत गेले, वापरातील लहरींची वारंवारता वाढली आणि आज एक मीटरच्या आसपासची डिश घरावर मावते. मात्र एक गोष्ट बदललेली नाही. भूस्थिर उपग्रह आजही विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच असतो. आपली मागणी उपग्रहाकडे जाते, तेथून भूकेंद्राकडे उतरते आणि उत्तर त्याच मार्गाने परत येते. चार फेऱ्यांचे हे अंतर १,४३,००० किलोमीटरहून अधिक भरते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धरल्यास केवळ प्रवासालाच जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. त्याच उपग्रहासाठी कितीही नवी डिश घेतली तरी हा विलंब कमी होणार नाही. समोरासमोरच्या संभाषणात तो जाणवतो, परंतु अर्ज भरण्यास किंवा ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकण्यास त्याने फारसे बिघडत नाही. म्हणजे अर्ज अडण्याचे कारण बहुधा अन्यत्र आहे.

दुसरी बाब लहरींच्या वाटेची. आपल्या जिल्ह्यातून ८३ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रह दक्षिणेपासून किंचित पूर्वेकडे, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंचीवर येतो. डिश बसविली तेव्हा लहान असलेला अंगणातील लिंब पाच वर्षांत त्या वाटेत आलेला असू शकतो. वाऱ्याने डिशची दिशा थोडी जरी ढळली तरी संकेत क्षीण होतो. केबलच्या जोडात पावसाचे पाणी शिरून तो गंजतो. फांदी छाटणे, डिश पुन्हा जुळविणे किंवा जोड बदलणे यास नव्या संचाच्या मानाने अल्प खर्च येतो. जोरदार पावसात मात्र थेंब लहरी शोषतात व विखुरतात. तेथे मोठ्या डिशचा खरोखर लाभ होतो, कारण व्यास दुप्पट केल्यास तिचे क्षेत्रफळ चौपट होते.

तिसरी बाब घरातली. राउटर कोठीच्या खोलीत आणि विद्यार्थी दोन जाड भिंतींपलीकडे ओसरीवर, अशी स्थिती असेल तर आकाशातील उपग्रहाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. संगणक केबलने थेट मोडेमला जोडून पाहावा. तेथे वेग नीट मिळाला, तर राउटरची जागा बदलणे पुरेसे आहे.

चौथी बाब योजनेची. महिन्याचा डेटा संपल्यावर वेग घटविला जात असेल, तर अडचण उपकरणाची नसून योजनेची आहे.

आता नव्या प्रकारच्या सेवेकडे वळू. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात, त्यामुळे विलंब पुष्कळ कमी होतो. मात्र ते आकाशात एका जागी स्थिर नसल्याने त्यांचा मागोवा घेणारा वेगळा अँटेना लागतो. जुनी डिश तेथे निरुपयोगी ठरते आणि संपूर्ण संच नवा घ्यावा लागतो. शिवाय विजेचा हिशेब आहेच. ७५ वॉटचे उपकरण अहोरात्र चालल्यास महिन्याला ५४ युनिट वीज खर्च होते, आणि भारनियमनात इन्व्हर्टरवर तोच भार पडतो. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या कंपनीसोबत इरादापत्रावर स्वाक्षरी केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपल्या मराठवाड्यातील धाराशिव या जिल्ह्यांचा उल्लेख आहे, आपल्या जिल्ह्याचा नाही. म्हणून घोषणा ऐकून पैसे मोजू नयेत. सेवा आपल्या गावी सुरू झाली काय, तिचे मासिक शुल्क किती आणि दुरुस्तीस माणूस कोठून येणार, हे आधी विचारावे. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली असल्यास तेथून घरापर्यंत जोडणी मिळेल काय, याचीही चौकशी करावी.

तेव्हा वडिलांना काय सांगाल? "आठ दिवस थांबा, मी नोंदी ठेवतो," असे सांगा. सकाळ, दुपार, रात्र अशी वेळ, त्या वेळचा वेग, हवामान आणि अडलेले काम वहीत लिहा. रोज रात्रीच वेग घटत असेल, तर त्या वेळी सेवेवरील गर्दीचा संशय घ्यावा. केवळ पावसात घटत असेल तर डिशकडे पाहावे. ओसरीवर घटतो पण मोडेमपाशी घटत नाही, तर राउटर हलवावा. सारे तपासूनही दोष उपकरणातच आढळला, तर ते निःशंकपणे बदलावे. शिक्षणासाठी केलेला तो खर्च वाया जाणार नाही. न तपासता केलेला खर्च मात्र पेरणीच्या पैशांतून जातो, आणि अर्ज तरीही अडलेलाच राहू शकतो.

स्वाध्याय
१. ५५० किलोमीटर उंचीवरील उपग्रहासाठी चार फेऱ्यांचा प्रवासकाळ काढा आणि तो भूस्थिर उपग्रहाच्या प्रवासकाळाशी ताडून पाहा.
२. आपल्या गावातील एखाद्या डिशची दिशा होकायंत्राने पाहा आणि तिच्या वाटेत काय येते ते लिहा.
३. घरातील कोणतेही एक उपकरण बदलण्यापूर्वी तपासावयाच्या चार बाबी लिहून काढा.