पुरणपोळीची रोज किती पाकिटं मागवायची? उत्तर तुमच्याच वहीत आहे



व्हिडिओत जे आकडे फळ्यावर पटापट मांडले, ते आज इथे सावकाश बघू. वही-पेन घेऊन बसा.

दुकान नवीन होतं तेव्हा मी एका ताईंकडून रोज पुरणपोळीची ८ पाकिटं घ्यायचे. खरेदी ८० रुपये, विक्री १२०. उरलेलं पाकीट परत जात नाही आणि शिळं मी विकत नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढंच डोक्यात. विक्री रोज व्हायची, पण महिनाअखेरीस हातात काहीच नाही! मग ५० दिवस रोजची मागणी लिहून काढली. माल संपल्यावर कोणी विचारलं, तर तेसुद्धा.

मागणी | दिवस | शक्यता | संचयी शक्यता
३ | ५ | ०.१० | ०.१०
४ | १० | ०.२० | ०.३०
५ | १५ | ०.३० | ०.६०
६ | १० | ०.२० | ०.८०
७ | ६ | ०.१२ | ०.९२
८ | ४ | ०.०८ | १.००

तिसरा रकाना म्हणजे प्रॉबॅबिलिटी मास फंक्शन, म्हणजेच पीएमएफ. दिवसांना ५० ने भागलं, झालं. बरोबर ५ पाकिटांची मागणी येण्याची शक्यता ०.३०. या रकान्याची बेरीज १ यायलाच हवी. नाही आली तर कुठेतरी चुकलंय.

चौथा रकाना म्हणजे सीडीएफ. वरून खाली बेरीज करत यायचं. "५ किंवा त्याहून कमी" मागणीची शक्यता ०.६०.

आता प्रश्न सोडवू.

१. ५ पेक्षा जास्त मागणी? १ – ०.६० = ०.४०.

२. किमान ५? इथे बरेच जण चुकतात. ५ हा आकडा आपल्याला हवा आहे, म्हणून ४ पर्यंतचीच शक्यता वजा करा: १ – ०.३० = ०.७०.

३. ४ ते ६ च्या दरम्यान, दोन्ही धरून? ६ ची संचयी शक्यता वजा ३ ची: ०.८० – ०.१० = ०.७०. पीएमएफने पडताळा: ०.२० + ०.३० + ०.२०. जुळलं!

आता पैशाचं बोलू. सरासरी मागणी काढायला प्रत्येक मागणी गुणिले तिची शक्यता, आणि सगळ्याची बेरीज: ५.२८. रोज ८ पाकिटं घेतली तर विक्री सरासरी ५.२८ × १२० = ६३३.६० रुपये आणि खर्च ६४० रुपये. म्हणजे मी रोज ६.४० रुपये पदरचे घालत होते!

५ च घेतली तर? ३ विकली जाण्याची शक्यता ०.१०, ४ ची ०.२०, आणि पाचही संपण्याची ०.७०. सरासरी विक्री ४.६ पाकिटं, म्हणजे ५५२ रुपये. खर्च ४०० वजा करा. रोजचा नफा सरासरी १५२ रुपये. ४ घेतली तर १४८, ६ घेतली तर १२०. म्हणून ५!

हो, १०० पैकी ४० दिवस कोणीतरी "संपली का हो?" म्हणत परत जाईल. त्यांना मी आता आदल्या दिवशी फोन करून ऑर्डर द्यायला सांगते. सणासुदीचे दिवस मात्र या हिशोबात मिसळू नका. त्यांची वेगळी यादी ठेवा.

गृहपाठ: तुमच्या दुकानातली एक नाशवंत वस्तू निवडा आणि आजपासून रोजची मागणी लिहा. आणि वरच्या तक्त्यावरून सांगा, रोज ७ पाकिटं घेतली तर नफा किती? उत्तर पुढच्या भागात.