पोचा

दिवाळीत पाहुण्यांचा चार वर्षांचा मुलगा आमच्या स्पीकरपुढे जाऊन बसला आणि त्यानं डाव्या ट्वीटरच्या (तार स्वरांच्या छोट्या स्पीकरच्या) चकचकीत डोमवर बोट दाबलं. जाळी मीच काढून ठेवली होती, स्पीकर उघडे छान दिसतात म्हणून. मधोमध हरभऱ्याएवढा पोचा पडला.

आवाज बिघडला का, हे मी तपासलंच नाही. संध्याकाळी गाणं लावायचो, पण नजर पोच्यावरच. आठव्या दिवशी हात शिवशिवले. चिकटपट्टी लावून हलकेच ओढली, पोचा अर्धा वर आला. तिथंच थांबायला हवं होतं. मी व्हॅक्यूम क्लीनर काढला. नळी टेकवताच 'टक्' झालं, पोचा निघाला आणि ॲल्युमिनियमवर आडवी घडी उमटली. आता घुंगरांच्या आवाजामागे खरखर येऊ लागली. ट्वीटर उघडावा म्हणून स्क्रूड्रायव्हर जवळ नेला, तर चुंबकानं तो खेचला आणि टोक थेट डोममध्ये घुसलं!

दुरुस्तीवाले काका एवढंच म्हणाले, "साहेब, आधी नीट वाजत होता ना? मग हात कशाला लावलात?" तसाच ट्वीटर मिळेना. दुसरा बसवला तर डावा-उजवा आवाज जुळेना. शेवटी दोन्ही बदलावे लागले.

म्हणून सांगतो, पोचा दिसला की आधी कान लावा. एकच मोनो रेकॉर्डिंग बॅलन्स फिरवून आळीपाळीनं दोन्ही स्पीकरवर ऐका. तानपुऱ्याची जवारी, तबल्याची चाट, टाळ यांत फरक कळतो. फरक वाटलाच, तर ॲम्प्लिफायर बंद करून वायरी डाव्या-उजव्या बदला. दोष दुसऱ्या स्पीकरवर गेला, तर ट्वीटर निर्दोष आहे. १० हजार हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास साडेतीन सेंटिमीटर असते. तिच्यापुढे दोन मिलिमीटरचा खळगा म्हणजे काहीच नाही, त्यामुळे बहुतेकदा फरक ऐकूच येत नाही.

डोम कापडी असेल तर चिंता आणखी कमी. धातूचा असेल तर फार तर चिकटपट्टी, तीही एकदा-दोनदा, हलक्या हातानं. सुई नको, व्हॅक्यूम नको, लोखंडी हत्यार तर नकोच. डोमच्या कडेला खाली व्हॉइस कॉइल चिकटवलेली असते आणि ती चुंबकातल्या मिलिमीटरभर फटीत हलते. डोम जरा वाकडा झाला तरी ती घासते. बेरिलियमचा डोम फुटला असेल तर त्याला हात लावू नका, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. कोणत्याही ट्वीटरमधून खरखर येत असेल, तर मात्र तो वाजवणं थांबवा आणि जाणकाराला दाखवा.

परवा नव्या ट्वीटरवरची धूळ पुसताना बारीक ओरखडा उठला. मी जाळी लावून टाकली आणि गाणं सुरू केलं.