पेन कातायला शिकायचे, तर आधी काय घ्यावे?



कार्यानुभवाच्या खोलीसाठी लाकडी पेन कातण्याचा लेथ घ्यावा, ही मुलांची मागणी विश्वस्तांच्या बैठकीत मांडली, तेव्हा दोन प्रश्न आले. पाच-दहा रुपयांना पेन मिळते, मग ते बनवायचे कशाला? आणि घ्यायचाच तर मोठा लेथ का नको, त्यावर खुर्चीचे पायही कातता येतील. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पैसा संस्थेचा, म्हणजे तुमचाच असल्याने उत्तर सविस्तर द्यायला हवे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे लेथ म्हटले की आमच्या तोंडी अजून ‘खराद’ येतो. मराठीत सूत कातावे तसे लाकूडही कातावे, आणि ते कातणारा तो कातारी, हे आम्ही इथे येऊन शिकलो. ही कला आपल्याला परकी नाही. पेडण्याहून पत्रादेवी ओलांडून बांद्यावरून सावंतवाडीला गेलात, तर चितार आळीत लेथवर कातलेली, लाखेने रंगवलेली लाकडी खेळणी दिसतील. आपल्या गोव्यातही चितारी हीच विद्या जपून आहेत. पेनाचे म्हणाल, तर राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी १९३२ पासून स्वदेशी पेने लेथवर घडवली आणि १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र लिहून त्यांचे कौतुक केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे म्हटले आहे.

आता यंत्राकडे वळू. पेनासाठी लागणारा लाकडाचा तुकडा सुमारे १२५ मिलिमीटर लांब आणि १९ मिलिमीटर जाड असतो. एवढ्याशा तुकड्याला टेबलावर मावणारा छोटा लेथ पुरतो. मोठ्या लेथला जागा आणि वीज जास्त लागते, आणि मुलांच्या मनात भीतीही जास्त बसते. मात्र दोन गोष्टींत काटकसर नको. एक, वेग बटणाने कमी-जास्त करता आला पाहिजे, कारण ओबडधोबड तुकडा हळू फिरवावा लागतो आणि गोल झाल्यावर वेग वाढवता येतो. दुसरी, लेथच्या दोन्ही टोकांना दोन नंबरचा मोर्स टेपर असावा. पेनाचे सुटे सामान सहसा त्याच मापात मिळते.

आमच्या मते खरा खर्च लेथचा नाहीच, तो धारेचा आहे. आम्ही स्वतः शिकायला बसलो तेव्हा हौसेने आठ पटाशांचा स्वस्त संच आणला आणि धार लावायला काहीच आणले नाही. तासाभरात पटाशा बोथट झाल्या. लाकूड कातले न जाता ओरबाडले जाऊ लागले, मग आम्ही जोर लावला आणि तुकडा उडून भिंतीवर आदळला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावले. म्हणून सांगतो, पटाशा तीनच घ्या, पण हायस्पीड स्टीलच्या घ्या: ओबडधोबड तुकडा गोल करायला एक रुंद गोल पटाशी, आकार द्यायला एक बारीक गोल पटाशी आणि सफाईला तिरक्या धारेची एक. उरलेल्या पैशांत ग्राइंडर घ्या. सागवानासारखे लाकूड धार फार लवकर खाते, त्यामुळे मुलांनी पहिले काही तास फक्त धार लावायलाच शिकावे. कंटाळा येईल, येऊ द्या.

याशिवाय तुकडा ओवून फिरवायची सळई (मँड्रेल), पेनाच्या मापाच्या बुशा, ७ मिलिमीटरचे ड्रिल, व्हर्नियर कॅलिपर आणि पितळी नळ्यांसह पेनाचे तयार भाग लागतील. सुरुवातीला पिरगाळून रिफिल बाहेर येणारे साधे बॉलपेनच करावे. सळईचा नट फार आवळू नये. सळई वाकते आणि पेन एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते.

लाकूड मात्र विकत घ्यायची गरज नाही. डिचोली-पेडण्यात कुठल्याही मेस्ताकडे फणस, आंबा, शिवण, सागवानाची कात्रणे पडलेली असतात. पेनासाठी झाड तोडायचा विचारही नको, गोव्यात १९८४ पासून त्यासाठी कायदा आहे. शिसव सुंदर दिसते, पण तिच्या भुशाने काहींना खाज सुटते, शिंका येतात. ती मोठ्या मुलांसाठी ठेवू. आणि लाकूड वाळलेलेच हवे. आम्ही एकदा भर पावसात ओल्या फणसाचे पेन कातले. पिवळेधमक, देखणे झाले. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात ते उभे तडकले आणि आतली पितळी नळी दिसू लागली.

चकाकीबद्दल एक गोष्ट. खेळण्यांवरची लाख घर्षणाच्या उष्णतेने पसरते आणि केवड्याच्या पानाने घोटली की चमकते. मुलांनी ती जरूर करून पाहावी. पण पेन दिवसभर घामट हातात असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझर लावलेल्या हाताने ती चिकट होते. रोजच्या पेनाला झटपट चिकटणाऱ्या द्रवाचे, म्हणजे सायनोॲक्रिलेटचे पातळ थर टिकतात. त्याच्या वाफेने डोळे झोंबतात, म्हणून हे काम शिक्षकच करतील, खिडक्या उघड्या ठेवून.

मुलींच्या पालकांनी ओढणीची काळजी बोलून दाखवली, ती योग्य आहे. लेथजवळ ओढणी, लोंबती बाही, मोकळे केस, हातातले कडे किंवा दोरा, काहीही चालणार नाही. हातमोजेसुद्धा नाहीत, ते यंत्रात ओढले जातात. चेहऱ्यावर पूर्ण पारदर्शक ढाल आणि नाकाला मास्क हवाच. या दोन वस्तू प्रत्येक मुलामागे एक याप्रमाणे घेता येत नसतील, तर लेथ या वर्षी घेऊ नये, असे आम्ही विश्वस्तांना लेखी कळवले आहे. चतुर्थीनंतरच्या बैठकीत निर्णय होईल. तोवर घरात किंवा शेजारच्या मेस्ताकडे वीतभर लांबीची वाळलेली कात्रणे असतील, तर मुलांच्या हाती पाठवावीत. लाकडाचे नाव आणि ते कुठले, हे चिठ्ठीवर लिहून चिकटवले तर बरे होईल.